जोयड्याचं गूढ विक्रीला काढू नका

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. काहींना झोंबेल हे ठाऊक असूनच लिहिते आहे.

गेली दोनेक वर्षं माझ्या मोबाईलवर आपल्याच घरांतून दोन तऱ्हेच्या गोष्टी येतात. एक म्हणजे सुप्याच्या जलाशयाची रील. काळं पाणी, मागे ढोलाचा आवाज आणि वर लिहिलेलं, 'या बुडालेल्या गावात रात्री घंटा वाजतात'. दुसरी म्हणजे जंगलातल्या कुठल्यातरी रिसॉर्टमधल्या शिबिराची जाहिरात. पूर्वजन्म दर्शन, आत्म्यांशी संवाद, ऑरा शुद्धी. दोन रात्री, तीन दिवस, जेवणासह. पाठवणारे आपलेच भाचे-पुतणे, कधी कधी त्यांच्या आयासुद्धा. खाली एक ओळ असते, "मावशी, तुमच्या आवडीचा विषय!"

आवडीचा विषय आहे, खरंच आहे. म्हणूनच राग येतो.

माझी ओळख नसलेल्यांसाठी सांगते. माझा जन्म जोयडा तालुक्यातला, तेव्हा त्याला सुपा तालुका म्हणत. आज वय सहासष्ट. तीस वर्षांहून जास्त परिचारिका म्हणून नोकरी केली, आता बेळगावात असते. भुतंखेतं, देवचार, मरणानंतर काय, ध्यान, समाधी, या सगळ्याची ओढ मला कळायला लागल्यापासून आहे. नारायण धारपांची पुस्तकं नाईट ड्युटीच्या टेबलाखाली ठेवून वाचली. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा पाठ होत्या. थिऑसॉफीवाल्यांचं वाचलं, योगसूत्रं वाचली, मठांत गेले, स्मशानातही बसून आले. तेव्हा 'तुला काय कळतं यातलं' असं मला कुणी म्हणू नये. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या मुलखाचं जे गूढ आहे, त्याला आपण भीतीच्या आणि पैशाच्या बाजारात बसवतो आहोत. आणि याची किंमत माणसं देतात, कधी कधी जिवानिशी.

आमच्या लहानपणी गूढ शोधायला कुठे जावं लागत नसे. वीज नव्हती, जंगल अंगणाला टेकलेलं होतं आणि घरात आज्जी होती. आज्जीच्या गोष्टींत वेशीवरचा राखणदार असायचा, डोहातल्या आसरा असायच्या, देवराईतला देव असायचा. चकवा तर घरच्यासारखाच. पण आज्जीची एकही गोष्ट नुसती घाबरवून संपत नसे. शेवटी काहीतरी पाळायचं असे. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी आणायची नाही. तिन्हीसांजेला डोहात उतरायचं नाही. परगावी जाताना राखणदाराला सांगून जायचं, परत आल्यावर पुन्हा सांगायचं. आणि चकवा लागला, म्हणजे फिरून फिरून त्याच झाडापाशी आलीस, तर धावायचं नाही. "बसून राहा गो, उजाडू दे. उजाडलं की वाट आपणहून दिसते."

चकव्याचं पुढे काय झालं ते ऐका. २००९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या यान सौमन आणि सहकाऱ्यांनी माणसांना अनोळखी जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य दिसत होता तेव्हा ती माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आलेलं असताना जंगलात मात्र गोल फिरली, आपलीच वाट पुन्हा ओलांडली आणि त्यांना पत्ताही नव्हता. वाळवंटात रात्री चंद्र मावळल्यावरही तसंच. म्हणजे चकवा आहे. तो झाडावर बसत नाही, आपल्या डोक्यात असतो, एवढाच फरक. आणि त्यावर आज्जीने सांगितलेला उपाय, एका जागी थांबून उजेडाची वाट बघणं, यापेक्षा शहाणा सल्ला आजही कुणी देणार नाही.

देवराईचंही तेच. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवराया हिंडून त्यांचा अभ्यास मांडला. आजूबाजूचं जंगल तुटलं तिथेही देवाच्या नावाने राखलेले तुकडे टिकून होते. जुनी झाडं, वेली, झरे. देव रागावेल या धाकाने राखले असतील, हरकत नाही. पण त्या धाकाने माणसाच्या हातातली कुऱ्हाड खाली ठेवायला लावली. आजचं रील बघून कुणाच्या हातातलं काय खाली पडतं, सांगा बघू?

आता प्लँचेटचं. नर्सिंगच्या हॉस्टेलमध्ये आम्ही मुली रात्री दार लावून बसायचो. कागदावर गोलात अक्षरं, मध्ये उलटी वाटी, तिच्यावर तिघींची बोटं. वाटी चालायची! नावं सांगायची, परीक्षेचे निकाल सांगायची. एका रात्री मी म्हटलं, आज डोळे बांधू, आणि कागद थोडा फिरवून ठेवू. चौथीने अक्षरं उतरवून घेतली. वाटी तशीच जोरात चालली, पण एक शब्द लागेल तर शपथ. आत्म्याला मराठी वाचता येत होतं, पण आमचे डोळे उघडे असतील तरच.

पुढे वाचनात आलं की मायकेल फॅरडेने १८५३ मध्येच हे तपासलं होतं. तेव्हा लंडनच्या दिवाणखान्यांत टेबलं फिरायची. टेबल हातांना ओढत नाही, हातच नकळत टेबलाला ढकलतात, हे त्याने साधं उपकरण करून दाखवलं. ढकलणारी माणसं खोटारडी नव्हती, त्यांना खरोखरच कळत नव्हतं. अमेरिकेत १८४८ मध्ये फॉक्स बहिणींनी भिंतीवरच्या ठकठकीतून आत्म्यांशी बोलायला सुरुवात केली आणि त्यातून एक मोठी चळवळ उभी राहिली. १८८८ मध्ये त्यांतल्याच एकीने भरसभेत सांगितलं की ते आवाज पायाच्या बोटांच्या सांध्यांतून काढलेले होते. चाळीस वर्षं! तेवढ्या काळात किती विधवांनी, किती आयांनी आपल्या मेलेल्या माणसासाठी पैसे मोजले असतील, याचा हिशेब कुणी करायचा?

हे कळल्यावर माझी ओढ कमी झाली का? नाही. उलट, तपासायची सवय लागल्यामुळेच ती टिकली. तपासायला भिणारी आवड फार दिवस आवड राहत नाही, मग तिला गिऱ्हाईक म्हणतात.

आता सुप्याकडे येते.

सुपा हे तालुक्याचं गाव होतं, काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावर. बाजार होता, कचेरी होती, देवळं होती. १०१ मीटर उंचीचं धरण १९८७ मध्ये पुरं झालं. गाव आणि आसपासच्या वाड्या पाण्याखाली गेल्या. कचेरी जोयड्याला आली आणि तालुक्याचं नावही पुढे तेच झालं. बरीच माणसं रामनगरच्या वसाहतीत गेली, बाकीची मिळेल तिकडे. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे.

माझी एक आत्या रामनगरला होती. सर्वपित्रीला ती पान वाढायची आणि सुप्याच्या दिशेला तोंड करून क्षणभर उभी राहायची. तिच्या सासू-सासऱ्यांना जिथे अग्नी दिला ती जागा पाण्याखाली होती. ती कधी म्हणाली नाही की तिथे घंटा वाजतात. ती एवढंच म्हणायची, "त्यांना सांगून यायला हवं होतं. घाईत राहून गेलं."

या बाईच्या गावाला तुम्ही 'हॉन्टेड' म्हणता? शापित? कुणाचा शाप? ज्या पाण्यावर चाललेल्या विजेने आपल्या घरात मिक्सर फिरतो, ते पाणी त्या लोकांनी शेतं, घरं आणि देव सोडले म्हणून साठलं. भुताची गोष्ट केली की एक मोठी सोय होते. भुताला नुकसानभरपाई द्यावी लागत नाही. भुताचा सातबारा नसतो. त्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुझी मुलं कुठे गेली, जमीन मिळाली का, शाळा मिळाली का. गावावर झालेली गोष्ट पुसून तिच्या जागी करमणूक बसवायची, हे या रीलचं काम. आणि आपण, त्याच लोकांचे नातेवाईक, ती पुढे पाठवतो आणि खाली घाबरलेले चेहरे टाकतो.

शिवाय धोका आहेच. रात्री पाण्याकाठी 'शूटिंग' करायला पोरं येतात. गणेशगुडीच्या खाली काळीचं पाणी वीजघराच्या वेळापत्रकाने चढतं-उतरतं. आभाळात ढग नसतानाही चढतं. आसपास काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान आहे. राखीव रानात परवान्याशिवाय शिरणं गुन्हा आहे आणि रात्री तर शुद्ध वेडेपणा. आज्जी म्हणायची, डोहात आसरा आहेत, लांब राहा. रील म्हणतं, डोहात भूत आहे, जवळ या. पोराला कोण वाचवतं, ते तुम्हीच ठरवा.

यापुढचं लिहिताना हात जड होतो, पण लिहायला हवं.

भातलावणीच्या दिवसांत एका सकाळी आमच्या वॉर्डात चौदा वर्षांचा मुलगा आणला. रात्री जमिनीवर झोपला होता. पहाटे पोटात दुखतंय म्हणाला, मग पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली. घरच्यांना वाटलं, बाधा झाली. मांत्रिकाकडे नेलं. त्याने अंगारा लावला, दोरा बांधला, कोंबडं मागितलं, आणि सांगितलं की सूर्य वर आल्यावर उतरेल. तो मण्यार होता. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावतो, दुखत फारसं नाही, व्रण नीट दिसतही नाही. पापण्या मिटणं हीच खूण. पुढची पायरी श्वास थांबण्याची. आमच्याकडे पोचेपर्यंत तीच पायरी आली होती. डॉक्टरांनी लस दिली, नळी घातली, आम्ही हाताने श्वास देत राहिलो. दुपारी गेला. त्याच्या हातात तो दोरा तसाच होता. तो मी कापला.

म्हणून मला कुणी 'आमच्या भगताने शंभर जण बरे केले' असं सांगितलं की मी गप्प बसत नाही. केले असतील. कारण आपल्याकडच्या बहुतेक सापांना माणूस मारण्याइतकं विषच नसतं, आणि विषारी सापही पुष्कळदा कोरडा दंश करतो, विष सोडत नाही. ती माणसं मंत्राशिवायही उठली असती. जी उठली नाहीत, ती सांगायला येत नाहीत. भारतात सापाच्या दंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. त्यातली कितीतरी माणसं आपल्यासारख्याच पावसाळी, आडवाटेच्या मुलखातली असतात.

आणि हे घडवणारा एकटा मांत्रिक नसतो. त्याच्यामागे आपल्यासारखी शिकलेली घरं असतात. शहरात बसून 'अनुभव येतोच हो, काहीतरी असतंच' असं गोड आवाजात म्हणणारी. तुमच्या घरात कुणी आजारी पडलं तर तुम्ही तासाभरात मोठ्या रुग्णालयात पोचता, मग हवं तर अंगारा लावता. गावातल्या माणसाने तुमचं ऐकून आधी अंगारा लावला, तर त्याच्याकडे तो तास उरत नाही. तुमची हौस त्याच्या जिवावर उतरते.

लगेच कुणी म्हणेल, "म्हणजे आमच्या श्रद्धेवर घाला!" अहो, घाला कुणी घातला? महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यावर आलेला. कर्नाटकाचा २०१७ चा, तो जानेवारी २०२० पासून लागू आहे. दोन्ही कायद्यांत पूजा, वारी, कीर्तन, प्रदक्षिणा यांना हात लावलेला नाही. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-दोरे करणं हा मात्र गुन्हा आहे. यात तुमची कुठली श्रद्धा दुखावते, ती जरा मला दाखवा.

आता शिबिरांकडे. पैसे मोजून ऑरा शुद्ध करून घेणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे. तुम्ही ज्या परंपरेचं नाव सांगता, ती याबद्दल काय म्हणते? पतंजलींनी सिद्धींचं सविस्तर वर्णन केलं, आणि त्याच ग्रंथात त्या समाधीच्या आड येतात असंही सांगून ठेवलं. रामकृष्ण परमहंसांची ती गोष्ट प्रसिद्ध आहे. बारा-चौदा वर्षं तप करून एक जण पाण्यावरून चालत नदी ओलांडायला शिकला. तर म्हणे, नावाडी तेच काम एका पैशात करतो. आपल्या तुकोबांनी नवस, अंगारे आणि अंगात येणं यांची किती साल काढली आहे, ते गाथा घरात ठेवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

लांब कशाला, आपल्या तालुक्यातलं उळवी घ्या. बाराव्या शतकात कल्याणमध्ये उत्पात झाला, तेव्हा चन्नबसवण्णा शरणांना घेऊन या रानात आले. तिथे त्यांची समाधी आहे, माघात जत्रा भरते, बैलगाड्या येतात. या माणसांनी काय सांगितलं होतं? कष्ट करा, जात मोडा, देवळातल्या दगडापेक्षा माणसाकडे बघा. त्यासाठी त्यांना पळावं लागलं, माणसं मेली. अध्यात्माची आपल्या मातीतली किंमत ही आहे. तुमच्या शिबिरात काय द्यावं लागतं? ऑनलाइन पैसे.

दांडेलीच्या जंगलातली कवळ्याची गुहाही तुम्हाला माहीत असेल. शिवरात्रीला लोक सरपटत आत जातात, पिंडीवर पाणी पडत असतं. ती पिंड चुनखडीतून ठिबकणाऱ्या पाण्याने थेंब थेंब करून झालेली आहे. हे कळल्यावर मी हात जोडायचे थांबवले नाहीत. एवढ्या काळ्याकुट्ट अंधारात, कुणी बघायला नसताना, पाणी एवढा काळ एक आकार घडवत राहिलं. याहून मोठं गूढ मला कुठलं रिसॉर्ट दाखवणार आहे?

आता दुसऱ्या बाजूचे लोक मला विचारतात, "एवढं सगळं कळतं, तर तू अजून या विषयात का रमतेस?" त्यांनाही उत्तर देते, कारण सगळं हसण्यावारी नेणाऱ्यांवरही माझा राग आहेच.

नाईट ड्युटीत मी खूप मरणं पाहिली. शेवटच्या दोन-चार दिवसांत किती तरी माणसं आपल्या गेलेल्या आईशी बोलायची, भावाला हाक मारायची, 'गाडी आली' म्हणायची. आम्हाला शिकवलं होतं, रुग्ण भ्रमात आहे, लिहून ठेवा. अमेरिकेत बफेलोच्या हॉस्पिसमध्ये डॉ. ख्रिस्तोफर केर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना रोज विचारून याची नोंद ठेवली, २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. बहुतेक रुग्णांना अशी स्वप्नं किंवा दर्शनं होत होती. मरण जवळ येईल तशी गेलेली माणसं जास्त दिसत होती, आणि त्यांच्या दिसण्याने सर्वांत जास्त धीर येत होता. याने परलोक सिद्ध होत नाही, केरही तसं म्हणत नाहीत. पण एक गोष्ट नक्की होते. अशा वेळी त्या माणसाला 'काहीतरी बरळू नका' म्हणायचं नसतं. शेजारी बसायचं असतं, हात धरायचा असतो, "आई काय म्हणाली?" असं विचारायचं असतं. मी ते केलं, शेकडो वेळा केलं. मला या विषयाने जे दिलं ते हे.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे, आज्जीकडूनच घेतलेली. तुमचं गूढ तुम्हाला काय करायला लावतं? झाड राखायला लावत असेल, आजाऱ्याजवळ बसायला लावत असेल, गेलेल्यांची नावं लक्षात ठेवायला लावत असेल, तर खुशाल माना. मी पुराव्याची पावती मागायला येणार नाही. पण ते पैसे मागत असेल, भीती घालत असेल, दवाखान्याची वाट अडवत असेल किंवा दुसऱ्याच्या दुःखाची गंमत करत असेल, तर ती फसवणूक आहे. ती आपल्या नातेवाइकाने केली तरी फसवणूकच.

शेवटी तीन कामं सांगते, कुणाला करायची असली तर. पहिलं, गावाकडच्या प्रत्येक घरात १०८ चा नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहा. साप चावला तर हातपाय हलू द्यायचा नाही, आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, थेट दवाखाना. पावसाळ्यात खाटेवर आणि मच्छरदाणीत झोपायचं. दुसरं, सुप्याचं रील आलं की पुढे पाठवू नका, पाठवणाऱ्याला तिथल्या एका तरी घराचं नाव विचारा. तिसरं, ज्यांच्या घरात सुप्याचं म्हातारं माणूस अजून आहे, त्यांनी या महिन्यात त्याच्याजवळ बसून वाड्यांची, देवांची, डोहांची, शेतांची नावं लिहून काढा. ती माणसं आता फार राहिलेली नाहीत. त्यांच्याबरोबर ते गाव दुसऱ्यांदा बुडेल, आणि या वेळी दोष धरणाला देता येणार नाही.

पटलं नसेल तर खाली लिहा. रागावलात तरी चालेल, पण नावानिशी लिहा आणि वहीत उतरवलेल्या चार नावांसकट लिहा.